पाचर

पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात, म्हणजे मित्रभेदात, एका माकडाची गोष्ट येते. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली असेल. एका व्यापाऱ्याने नगराजवळच्या बागेत देवालय बांधावयास काढलेले असते. दुपारी सुतार जेवावयास गावात जातात. जाण्यापूर्वी अर्धवट चिरलेल्या ओंडक्याच्या फटीत ते खैराची पाचर ठोकून ठेवतात. मागाहून माकडांची टोळी येते. त्यांतले एक ओंडक्यावर बसते, दोन्ही हातांनी पाचर धरून उपटते, फट मिटते आणि माकड प्राणास मुकते. नसत्या उठाठेवी करू नयेत, असे तात्पर्य आजी सांगे आणि गोष्ट संपे.

आजीला विचारावयाचा राहून गेलेला एक प्रश्न मात्र आम्हांला उतारवयात पडला. त्या सुतारांनी पाचर ठोकली कशासाठी? गोष्टीतले माकड आपण लक्षात ठेवले आणि सुतारांचे शहाणपण विसरलो. एवढेच नव्हे, तर 'मध्येच पाचर मारली' असा वाक्प्रचार रूढ करून आपण पाचरीला विघ्नाचे रूप दिले. सुताराच्या कामात पाचर विघ्न करीत नाही. ती रक्षण करते. तिचा इतिहास या लेखात थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

निमित्त घडले ते आमच्या वाचनालयातील जुन्या सागवानी कपाटांच्या दुरुस्तीचे. काम घेतलेला मिस्त्री मूळचा राजस्थानातला, पण बडोद्यात वाढलेला. हाताने अतिशय स्वच्छ. पहिल्याच दिवशी त्याने मागील पडवीत आपले यंत्र मांडले. प्लायवूडचा एक तुकडा, त्याला मधोमध पाडलेली लांबट खाच, खालून उलटा बसवलेला फरशी कापण्याचा मार्बल कटर आणि खाचेतून वर आलेले दातेरी पाते. बाजूला आधाराला म्हणून एक सरळ पट्टी दोन शिकंजांनी आवळलेली. पात्यावर झाकण नाही, मागे पाचर नाही. बटण दाबलेलेच राहावे म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली; यंत्र चालू-बंद करावयाचे ते भिंतीवरच्या बटणाने. त्याच्या डाव्या अंगठ्याचे टोक नव्हते. आम्ही विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, की हे जुन्या टेबलाचे. हे नवे टेबल त्याने पुष्कळ सुधारून केले आहे. झाकण का लावत नाहीस, यावर त्याचे उत्तर होते, की झाकण लावले तर काम होत नाही.

हे उत्तर त्याचे एकट्याचे नव्हे, आणि नवे तर मुळीच नव्हे.

ओंडका चिरण्याची जुनी रीत आपल्यातील वृद्धांनी पाहिली असेल. ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर आडवा ठेवीत. एक करवत्या वर उभा राही, दुसरा खाली, आणि दोघे मिळून मोठी करवत वरखाली ओढीत. चीर हातभर पुढे गेली की मागे एक पाचर ठोकीत आणि करवत जसजशी पुढे सरके तसतशी पाचरही पुढे नेत. झाड उभे असताना त्याच्या अंगात निरनिराळे ताण साठलेले असतात. लाकूड चिरले की ते ताण मोकळे होतात आणि दोन्ही फाका कधी बाहेर, तर कधी आत वाकतात. आत वाकल्या तर करवत चिमटीत सापडते. हातकरवत अशी अडकली तर ती थांबते, करवत्या एखादी शिवी देतो आणि पाचर ठोकतो. हाताच्या कामात चुकीची शिक्षा वेळेच्या रूपाने मिळते. ती शरीराला मिळू लागली ती यंत्र आल्यावर.

गोल करवतीचा जनक कोण, याविषयी दंतकथा आहेत. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या बाईंनी १८१३ च्या सुमारास चरख्याच्या चाकावरून ती सुचवली, ही कथा विशेष लोकप्रिय आहे. परंतु इंग्लंडमधील साउदॅम्टनच्या सॅम्युअल मिलरने १७७७ साली घेतलेल्या पेटंटात चक्राकार करवतीचा उल्लेख आहे, आणि त्याच गावचा वॉल्टर टेलर हा ब्रिटिश आरमारासाठी लाकडी कप्प्या बनवताना गोल करवती वापरीत असे. शिडाच्या जहाजावर दोर ओढण्यासाठी या कप्प्या शेकड्यांनी लागत. यांत्रिक सुतारकामाचा उगम घरच्या सामानात नाही. तो युद्धनौकांच्या गरजेत आहे.

या इतिहासातील पहिले मोठे नाव सॅम्युअल बेंथम यांचे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे हे धाकटे बंधू. त्यांनी १७९१ व १७९३ साली घेतलेल्या पेटंटांत रंधणे, कापणे, भोके पाडणे, खाचा घेणे अशा लाकूडकामाच्या बहुतेक सर्व क्रियांसाठी यंत्रे वर्णिली आहेत. कौशल्य कारागिराच्या हातातून काढून यंत्राच्या रचनेत घालावे, हा त्यांचा ध्यास होता. पुढे आरमाराच्या कामावर असताना त्यांनी मार्क इझांबार्ड ब्रुनेल यांची कप्प्यांच्या यंत्रांची योजना उचलून धरली. हेन्री मॉड्स्ले या कुशल यंत्रकाराने ती यंत्रे घडवली, आणि १८०२ पासून पुढील काही वर्षांत पोर्ट्स्मथच्या गोदीत ती उभी राहिली. एकूण यंत्रे ४५. १८०८ साली तेथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या होऊ लागल्या आणि पूर्वी ११० कसबी कारागिरांनी करावयाचे काम दहा साधे मजूर करू लागले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने पोर्ट्स्मथचे महत्त्व या आकड्यांहून वेगळ्या गोष्टीत आहे. तेथे कप्पीचा ठोकळा मजुराने हातात धरून पात्याखाली सरकवावयाचा नव्हता. पहिल्या यंत्रात ठोकळ्यावर ठरावीक जागी खुणा उमटत आणि पुढच्या यंत्रांत त्याच खुणांवर तो लोखंडी पकडीत घट्ट बसे. लाकूड धरणारी, त्याला नेमक्या जागी नेणारी ही जी पकड, तिलाच आजचे कारागीर 'जिग' म्हणतात. जिगचे खरे मोल असे, की हात आणि पाते यांच्यामध्ये अंतर राहते आणि लाकडाला वळवळण्यास वाव मिळत नाही. ही पकड घडवणारा माणूस मॉड्स्लेसारखा, केसाच्या जाडीइतकी चूक खपवून न घेणारा होता. दोनशे वर्षांत ती पकड उतरत उतरत प्लायवूडच्या तुकड्यावर आणि दोन स्क्रूंवर आली. नाव तेच राहिले. पकड मात्र ढिली झाली.

बडोद्याच्या वाचकांस येथे कलाभवनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ही संस्था काढली आणि तिची धुरा प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे दिली. गज्जर रसायनशास्त्राचे पंडित, पण जन्म सुरतेच्या सुतार घराण्यातला. कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड द्यावी, आणि तीही त्याला समजेल अशा देशी भाषेत द्यावी, ही कलाभवनामागची दृष्टी होती. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत सामावले. आपल्या पूर्वजांनी बडोद्यात ज्या कामांचा अभिमान बाळगला त्यांत हे एक आहे. म्हणूनच आमच्या पडवीत उभ्या असलेल्या त्या यंत्राकडे पाहून आम्हांला संकोच वाटला. कलाभवनापासून हाकेच्या अंतरावर, सव्वाशे वर्षांनंतर, त्या मिस्त्रीला शास्त्राचा एकही शब्द कोणी सांगितला नव्हता.

तो शब्द आम्ही जाणकारांकडून जसा समजून घेतला तसा येथे देतो.

टेबलावरच्या गोल करवतीत पात्याचे पुढचे दात, म्हणजे कारागिराच्या बाजूचे, वरून खाली येतात आणि लाकडाला टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र खालून वर उठतात. कापून झालेले लाकूड मागच्या दातांना लागले, किंवा दोन्ही फाकांनी पाते चिमटीत धरले, की हे वर उठणारे दात लाकडाला उचलतात आणि थेट कारागिराच्या अंगावर फेकतात. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटास ४,००० फेऱ्या घेत असेल, तर दाताचा वेग सेकंदास सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर भरतो. फळी उडते ती याच वेगाच्या जोरावर. आणि लाकूड हाताखालून अकस्मात निघून गेले की त्यावर जोर देत असलेला हात पात्याकडे झुकतो. अनेक बोटे अशीच जातात. कारागीर बेसावध होता म्हणून नव्हे, तर ज्यावर हात टेकला होता ते लाकूडच जागेवर उरले नाही म्हणून. दचकून हात मागे घेण्यास माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. चाळीस दातांच्या अशा पात्याचे पाचशेहून अधिक दात तेवढ्या अवधीत त्या जागेवरून जाऊन चुकतात.

'मार्बल कटर लहान, म्हणून कमी धोक्याचा' हा समज तर साफ उलटा आहे. ११० मिलिमीटरचे ते पाते मिनिटास १२,००० च्या आसपास फेऱ्या घेते. म्हणजे कडेचा वेग ताशी २५० किलोमीटर. शिवाय ते यंत्र दगडासाठी घडवलेले असते. दगडाच्या हिरकणी पात्याला लाकडाच्या करवतीसारखे दात नसतात, त्यामुळे ते पकडत नाही, घासत जाते. त्याच दांड्यावर दातेरी पाते चढवले, यंत्र उलटे केले आणि झाकण काढले, की घडवणाऱ्याने योजलेली प्रत्येक खबरदारी एकाच वेळी निकामी होते. त्यात बटण बांधून ठेवलेले. वीज जाते, मिस्त्री अडकलेले लाकूड सोडवावयास हात घालतो आणि वीज परत येते. भारनियमनाचे दिवस काढलेल्या कुटुंबांना याहून अधिक सांगावयास नको.

या धोक्यावरचा उपाय काय? तीच पाचर. पात्याच्या मागे, पात्याच्याच रेषेत, पोलादाची एक चंद्रकोरीसारखी पट्टी उभी करावयाची. चीर मिटू लागली तर ती पट्टीवर मिटते, पात्यावर नाही. पंचतंत्रातल्या सुतारांनी खैराच्या लाकडाने जे केले तेच हे. इंग्लंडमध्ये १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम झाले. त्यांत गोल करवतीला ही पाचर, वरचे झाकण आणि टेबलाखालच्या पात्याचे आवरण सक्तीचे केले, आणि हाताने लाकूड सरकवावयाचे असेल तेथे ढकलकाठी पुरवावी असेही घातले. आपल्याकडे १९४८ चा कारखाना कायदा झाला आणि त्याच्या २१ व्या कलमाने धोकादायक यंत्रभागांना कुंपण सक्तीचे केले. पुढे महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या १९६३ च्या कारखाना नियमांत गोल करवतीची पाचर, झाकण आणि ढकलकाठी ही त्रयी आली. पाचर पात्यापासून किती दूर असावी, किती उंच असावी, याची मापेसुद्धा त्यांत आहेत.

पण हा कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले तर तो कारखाना ठरे. २०२० च्या नव्या संहितेने हा आकडा वीसवर नेला. आमच्या पडवीत एक मिस्त्री आणि एक पोरगा असे दोघेच होते. आपल्या घरांतली कपाटे, देव्हारे, दारे ज्यांनी घडवली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला हा कायदा कधी आलाच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरी केलेली जिग म्हणजे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. स्वतःचे हत्यार स्वतः घडवणे ही सुताराची फार जुनी प्रतिष्ठा आहे. रंध्याचे लाकडी घर, मोगरी, गुण्या, निरनिराळे फर्मे जुने सुतार स्वतः करीत, आणि खंडेनवमीला त्यांची पूजा होई. नियमांनी सक्तीची केलेली ढकलकाठीसुद्धा घरीच एका फळकुटातून होते. प्रश्न एवढाच, की ती जिग हाताला पात्यापासून दूर नेते, की पाचर काढावयास लावते?

चुका कोठे होतात ते पाहू. आधाराची पट्टी पात्याला समांतर हवी. ती मागच्या बाजूस केसभर जरी आत कललेली असली, तरी लाकूड मागच्या दातांवर दाबले जाते आणि उडते. शिकंजाने आवळलेली घरगुती पट्टी हादऱ्यांनी नेमकी अशीच सरकते. लाकूड दाबून धरणारी पट्टी पात्याच्या पुढे असावी. ती पात्याच्या बरोबरीला किंवा मागे लावली तर तीच चीर मिटवते. म्हणजे रक्षणासाठी केलेली वस्तू अपघात घडवते. आडवे कापण्यासाठी जी सरकती पेटी करतात तिच्या मागच्या भिंतीतून पाते शेवटी बाहेर येते, आणि सवयीने अंगठे तेथेच असतात. त्या जागी जाड ठोकळा बसवलेला नसेल तर कारागिराला पाते दिसतच नाही. अंदाजाने मारलेला एखादा स्क्रू पात्याच्या वाटेत आला तर पात्याचा दात तुटून गोळीसारखा सुटतो. आणि इजा होऊ नये म्हणून घातलेले सैल हातमोजे फिरत्या पात्यात अडकून पुरा हात आत ओढतात. यांतली एकही चूक आळशी माणसाची नाही. प्रत्येक चूक काम नीट व्हावे म्हणून धडपडणाऱ्या माणसाची आहे.

याहून मोठी चूक मात्र संथपणे होते. एखाद्या कामासाठी, उदाहरणार्थ अर्धवट खोलीची खाच घेण्यासाठी, उंच पाचर आणि झाकण काढावे लागते. काम झाल्यावर ते परत बसवावयाचे असते. पण पुन्हा तसेच काम येणार असते, म्हणून ते खिडकीत ठेवले जाते. आठ दिवसांनी खिडकीतून माळ्यावर जाते. वर्षभराने 'झाकण लावले तर काम होत नाही' हा सिद्धांत तयार होतो. माकडाने पाचर काढली ती कुतूहलाने, एका क्षणात. माणूस ती काढतो सोयीसाठी, आणि परत बसवावयास विसरतो.

ही विस्मृती केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत हौशी सुतारकाम घरोघर चालते. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने २०१५ या एका वर्षात टेबलावरच्या करवतींमुळे सुमारे ३३ हजार माणसांना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जावे लागले. साडेचार हजारांहून अधिक प्रसंगी अवयव तुटला. त्याच देशात स्टीफन गास या भौतिकीच्या अभ्यासकाने १९९९ साली एक युक्ती शोधली. पात्यात सौम्य विद्युत्‌संकेत सोडलेला असतो. ओलसर त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि सेकंदाच्या सुमारे पाच सहस्रांशांत पाते थांबते. २००४ पासून अशा करवती बाजारात आल्या. बोटाला ओरखडा येतो, बोट राहते. पण हे यंत्र महाग आणि आमच्या मिस्त्रीच्या आटोक्याबाहेरचे. त्याच्या आटोक्यात जे आहे ते पोलादाची एक पट्टी आणि लाकडाची एक काठी.

आता आमच्या स्वतःच्या दोषाविषयी. मिस्त्रीशी आम्ही मजुरी ठरवली ती चौरस फुटांवर, आणि वार्षिक सभेपूर्वी काम पुरे करण्याची अटही घातली. त्याने मोठी दुकानातली करवत भाड्याने आणण्याचे सुचवले होते. खर्च वाढेल म्हणून आम्हीच नको म्हटले. 'झाकण लावले तर काम होत नाही' या त्याच्या वाक्यात 'तुम्ही सांगितलेल्या वेळेत आणि तुम्ही ठरवलेल्या पैशांत' हे शब्द अध्याहृत होते. ते ऐकू यावयास आम्हांला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी एक अरुंद पट्टी उडाली आणि पोराच्या कानाजवळून जाऊन मागील दाराच्या फळीत रुतली. पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा दिसत होता. त्याचे खरे वय आम्ही पहिल्या दिवशी विचारावयास हवे होते, विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी काम थांबवले. पोराला घरी पाठवले आणि मिस्त्रीच्या मदतीला मोठा माणूस घेतला. सभेची अट काढली. उरलेल्या फळ्या लाकडाच्या वखारीत, पाचर आणि झाकण जागच्या जागी असलेल्या मोठ्या करवतीवर चिरून आणल्या. खर्च वाढला तो आमच्या वार्षिक ताळेबंदात एक ओळ एवढाच. मिस्त्रीने मार्बल कटर टेबलाखालून काढला. तो कायमचा काढला असेल, असा आमचा भ्रम नाही. पुढच्या घरी पुन्हा घाई असणार आणि पुन्हा चौरस फूट असणार. मात्र जाताना तो वखारीतल्या करवतीची पाचर निरखून पाहून आला आणि तिचे माप त्याने आपल्या पेन्सिलीने एका प्लायच्या तुकड्यावर उतरवून नेले.

वाचनालयातली ती कपाटे आज उत्तम उभी आहेत. त्यांच्या फळ्यांवर आपल्या वाडवडिलांनी जमवलेली पुस्तके आहेत, आणि त्यांत पंचतंत्राच्या जुन्या प्रतीही आहेत. मागील दाराच्या फळीतला तो खड्डा आम्ही मुद्दाम बुजवलेला नाही. यापुढे आपल्या घरी सुतार कामाला लागेल तेव्हा आपण त्याला दर विचारू, मुदत विचारू, लाकूड कोणते ते विचारू. त्याबरोबर पाते कशाने झाकले आहे आणि मागे पाचर आहे का, हेही विचारावे, आणि त्यासाठी लागणारा वेळ व पैसा आपल्या हिशेबात धरावा. त्या देवालयाच्या सुतारांनी जेवावयास जातानासुद्धा पाचर जागेवर ठेवली होती. गोष्टीतले तात्पर्य आपण माकडाकडून घेतले. थोडे त्यांच्याकडूनही घ्यावयास हवे.